विझलेला तुकडा

माझ्या आबाजींच्या छातीत हृदय नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. थापा वाटतात ना? मलाही माझ्या डोळ्यांवर विश्वास बसला नव्हता. पण समोर भिंतीएवढा पडदा होता, त्यावर आबाजींची छाती दिसत होती आणि हृदयाच्या जागी नुसता काळोख होता. त्या काळोखात एकच छोटा तुकडा चमकत होता. आणि तो कोणता, सांगू? जो मेला असं सगळे धरून चालले होते, नेमका तोच!

आई म्हणते, "इरू, तुझ्या गोष्टीचं शेपूट आधी बाहेर येतं." बरं बाई, पहिल्यापासून सांगते.

आमच्या चंद्रपूरकडे कोळशाच्या खूप खाणी होत्या. आता वीज उन्हापासून आणि वाऱ्यापासून होते, त्यामुळे खाणी रिकाम्या पडल्यात. त्यांतल्याच एका खाणीत, जमिनीच्या पार पोटात, अणुचित्र केंद्र उघडलंय. तिथे किरणोत्सारी (स्वतःहून किरण सोडणारी) औषधं बनवतात आणि त्यांच्या मदतीने शरीराच्या आतली चित्रं काढतात. किरण बाहेर जाऊ नयेत म्हणून भिंती जाडजूड लागतात. खाणीइतकी जाड भिंत आणखी कुठे मिळणार?

आबाजी म्हणजे माझ्या आईचे बाबा. तरुणपणी ते याच खाणीत कामाला होते. गेल्या उन्हाळ्यात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. हृदय म्हणजे एक स्नायूच, आणि त्यालाही रक्त लागतं. ते रक्त आणणारी एक नळी आबाजींच्या हृदयात तुंबली. तेव्हापासून हृदयाच्या पुढच्या भिंतीचा एक तुकडा हलेनासा झाला. बाकीचं हृदय आकसायचं, सैल व्हायचं, आणि तो तुकडा मधे ढिम्म! आबाजींना चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची. झोपायचे तेही उशांना टेकून, बसल्या बसल्या. मी बाजूच्या खोलीत त्यांचा श्वास ऐकत पडायचे. तो थांबला तर काय, या विचाराने मला फार भीती वाटायची.

शस्त्रक्रिया करणाऱ्या नागपूरच्या डॉक्टरांनी सरळच सांगितलं होतं, "तो तुकडा जिवंत असेल, तर दुसरी नळी जोडून तिथे रक्त नेता येईल. मेला असेल, तर छाती उघडण्यात फायदा काहीच नाही, धोका मात्र मोठा. जिवंत असल्याचा पुरावा द्या, मी लगेच हात घालतो."

त्या पुराव्यासाठी आम्ही खाणीत उतरलो. आम्ही म्हणजे आबाजी आणि मी. आईच्या पोटात बाळ आहे, म्हणून तिला किरणांच्या जवळपासही जायची परवानगी नव्हती. ती वरच बसली आणि मला दहा वेळा बजावून सांगितलं, "त्यांच्याकडे लक्ष ठेव गं. ते कोणाचं ऐकत नाहीत."

पिंजऱ्यासारखी लिफ्ट खाली जायला लागली. उजेड वर वर जाऊन नाण्याएवढा झाला आणि मग दिसेनासाच झाला. भिंतींतून पाणी ठिबकत होतं. आबाजी गज घट्ट धरून उभे होते.

खाली आमच्या स्वागताला काजवा आला. काजवा म्हणजे तिथला यंत्रमानव. छतावरच्या रुळाला उलटा टांगलेला असतो आणि अजिबात आवाज न करता सरकत येतो. त्याला दोन लांब हात आहेत, आणि तोंड असायला हवं तिथे फक्त एक हिरवा दिवा.

"नमस्कार. आपण सकाळपासून उपाशीपोटी आहात ना?" काजव्याने विचारलं.

"हाव, एकदम!" आबाजी म्हणाले. त्यांना या प्रश्नाचा एवढा आनंद का झाला, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मला काचेच्या अलीकडे बसवलं. ती काच शिसं मिसळलेली होती, कारण शिसं किरणांना अडवतं. पलीकडच्या खोलीत आबाजी, अलीकडे मी आणि डॉक्टर मेश्राम मॅडम. त्या बुटक्या, चष्मेवाल्या आणि लहान मुलांशीही मोठ्यांसारखं बोलणाऱ्या आहेत, म्हणून मला त्या लगेच आवडल्या.

"हे बघ इरावती," त्या म्हणाल्या, "आज आपण दोन चित्रं काढणार आहोत. पहिलं औषध रक्ताबरोबर वाहत जातं. रक्त जिथे पोचतं तिथे चित्र उजळतं, आणि जिथे पोचत नाही तिथे काळं राहतं. हे औषध काही मिनिटांतच विझून जातं."

आबाजींना सुई टोचली. ते एका मोठ्या कड्यासारख्या यंत्रात आडवे झाले. पडद्यावर हळूहळू केशरी रंगाचं कडं उगवलं, आतून पोकळ आणि छान झळझळीत. पण पुढच्या बाजूला त्याचा एक घास कोणीतरी तोडून खाल्ल्यासारखा दिसत होता. तिथे काळं होतं.

"तो मेला का?" मी विचारलं.

"एवढ्यावरून नाही सांगता येत. तिथे रक्त कमी पोचतंय, एवढंच कळलं. काही वेळा रक्त कमी पडलं की हृदयाचा स्नायू मरत नाही, काम बंद करून पडून राहतो. बेडूक नाही का, पाणी आटलं की चिखलात जाऊन निपचित पडतात? हलत नाहीत, पण जिवंत असतात. तसंच."

"मग झोपलेला आणि मेलेला वेगळा कसा ओळखायचा?"

"खायला देऊन!" मॅडम हसल्या. "मेलेला खात नाही. म्हणून दुसरं औषध म्हणजे साखर आहे. साखरेच्या कणाला एक किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. जिवंत पेशी (शरीराचा सगळ्यात लहान जिवंत भाग) ही साखर आत ओढून घेते आणि तिथून किरण निघू लागतात. ते किरण यंत्राच्या कड्याला दिसतात."

दुसऱ्या चित्राआधी आबाजींना मोठा ग्लासभर गोड पाणी प्यायचं होतं. काजव्याने ते त्यांना बसायच्या खोलीत नेऊन दिलं आणि थोड्या वेळाने रिकामा ग्लास परत आणला. मग रक्तातली साखर तपासली, ती ठीक निघाली. आबाजींना ती किरणवाली साखर टोचली आणि त्याच बसायच्या खोलीत, मंद दिव्यात, एकट्यालाच बसवून ठेवलं. आता ते स्वतःच किरण सोडत होते. बोळाच्या भिंतीवर एक किरणमापक (किरण मोजणारं यंत्र) टांगला होता. आबाजी त्याच्या जवळून गेले तेव्हा तो टक्, टक्, टकटकटक असा पिसाळल्यासारखा वाजत सुटला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. माझेच आबाजी, आणि मी त्यांच्या जवळ जायचं नाही!

ध्वनिक्षेपकातून आम्हाला बोलता येत होतं, म्हणून मी म्हटलं, "आबाजी, भीती वाटते का?"

"नाई वं. पण तो टकटक आवाज आयकला अना जुनं आठवलं." ते म्हणाले. "इथंच, याच्याच मागच्या बोगद्यात छत बसलं होतं. आम्ही चौघं अडकलो. काळाकुट्ट अंधार! लोखंडी रुळावर तीनदा ठोकाचं, म्हणजे जिवंत आहो, असा आमचा इशारा असे. ठोकून ठोकून हात सोलले, पण वर कोणाले काहीच आयकू गेलं नाई. वरचे म्हणत होते का मेले असतीन."

"मग?"

"मग एकानं वरून एक बारीक भोक पाडलं, अना दोराले गुळाचा खडा बांधून खाली सोडला. आम्ही तो सोडून घेतला. दोर वर ओढला तं रिकामा! गूळ कोणं घेतला? जित्या माणसानंच ना! मग सारे खणाले लागले. बाहेर निघालो तं समोर चौथीचा चंद्र उगवत होता." त्यांनी हे याआधी कधी, कोणालाच सांगितलं नव्हतं.

मग ते पुन्हा यंत्रात गेले, आणि पडद्यावर मी सुरुवातीला सांगितलं ते चित्र आलं.

आधी दिवे गेले असं मला वाटलं. मगाचं झळझळीत कडं गायब! जिथे सगळं छान उजळलं होतं, तिथे आता काळं. आणि जिथे काळं होतं, तिथे एक निखारा. छातीत दुसरं काहीच नाही. आतमध्ये आबाजी आडवे होते, त्यांचं पोट श्वासाने वरखाली होत होतं, त्यांनी नाकही खाजवलं. जिवंत माणूस, आणि पडद्यावर हृदय नाही.

"काजव्या, चित्रं उलटसुलट केलीस का रे?" मॅडमनी विचारलं.

"नाही. चित्रं बरोबर आहेत," काजवा म्हणाला. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. "परंतु निरोगी भागाने साखर घेतली नाही आणि आजारी भागाने घेतली, हे मला जुळवता येत नाही. मी चाचणी असफल असा अहवाल पाठवतो. पुरावा मिळाला नाही."

"थांब! लगेच नको पाठवू," मी ओरडले. पुरावा नाही म्हणजे शस्त्रक्रिया नाही. शस्त्रक्रिया नाही म्हणजे पुन्हा उशा, पुन्हा तो श्वास, आणि एक दिवस... मला रडूच फुटलं.

"थोडा वेळ थांबवते मी," मॅडम म्हणाल्या. "जा, तोंड धुऊन ये."

आबाजी यंत्रात होते, त्यामुळे बसायची खोली रिकामी होती. तिच्यातून जाताना माझी चप्पल फरशीला चिकटली. खाली पाहिलं. दिव्याखाली मनीप्लांटची कुंडी होती, त्या अख्ख्या खोलीतली तेवढीच एक हिरवी वस्तू. आणि भिंतीच्या फटीतून एक बारीक काळी रेघ निघून कुंडीकडे चालली होती. रेघ हलत होती! मी किंचाळणारच होते, पण वाकून पाहिलं तर मुंग्या. शेकडो मुंग्या, रांगेत, कुंडीतल्या मातीवर चढत होत्या.

एवढ्या खोल खाणीत मुंग्यांना कुंडीत काय मिळालं असेल? मी मातीला बोट लावलं. चिकट होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आज संकष्टी! आबाजी संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा थेंबही घेत नाहीत. झटक्यानंतर आईने त्यांच्याकडून शब्द घेतला होता की हा निर्जळी उपास आता बंद. त्यांनी मान डोलावली होती, आणि लबाड आबाजींनी उपास गुपचूप चालूच ठेवला होता!

मी धावत परत आले. "आबाजी! गोड पाणी कुंडीत ओतलंत ना?"

काचेपलीकडे आबाजी यंत्रातून उठून बसले होते. त्यांनी खाली बघितलं. "चतुर्थी आहे ना वं," ते हळूच म्हणाले.

"ग्लास रिकामा परत आला होता," काजवा म्हणाला. "म्हणून मी प्यायले अशी नोंद केली. रक्तातली साखरही योग्य होती."

"प्यायले असते तरी योग्यच आली असती, न पिताही योग्यच आली. तपासणीला फरक कळला नाही." मॅडम खुर्चीत बसल्या, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्या एकदम हसायलाच लागल्या. "अगं इरावती, हे चित्र उलटं नाहीच! ऐक. आपण उपाशी असलो की शरीर साठवलेली चरबी काढतं. निरोगी हृदयाला चरबी फार आवडते. ती मिळाली की ते साखरेकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून निरोगी भाग काळा राहिला. तो मेला नव्हता, तो दुसरंच काहीतरी जेवत होता."

"आणि तो तुकडा?"

"चरबी जाळायला प्राणवायू जास्त लागतो. त्या तुकड्याकडे रक्तच कमी जातं, मग प्राणवायू कुठून आणणार? तो बिचारा साखरेच्या कणाकणावर तग धरून आहे. म्हणून उपासाच्या दिवशीही साखर घेतली, ती एकट्या त्यानेच."

मी त्या निखाऱ्याकडे पाहिलं. मघाशी मला त्याची भीती वाटली होती. आता वाटलं, हा एवढे महिने अंधारात एकटाच बसून होता.

"मग झाला ना पुरावा?"

"अर्धा. त्यातला किती भाग जागा होऊ शकेल, ते निरोगी भागाशी ताडून बघावं लागतं, आणि त्यासाठी निरोगी भागानेही साखर खायला हवी. गोड पाणी प्यायलं की शरीरात इन्सुलिन (पेशींची दारं साखरेसाठी उघडणारं रसायन) येतं, आणि मग अख्खं हृदय साखर खायला लागतं. आणखी एक मात्रा शिल्लक आहे. पण ही साखर दर दोन तासांनी निम्मी विझते. आबाजींना आत्ताच प्यावं लागेल."

"चंद्र निघाला का घेतो," आबाजी म्हणाले.

"तोपर्यंत काही उरणार नाही हो. आणि पुढची खेप कधी बनेल ते सांगता येत नाही. असे तुकडे फार काळ वाट बघत नाहीत, आबाजी. उपाशी राहून राहून मरतात."

"मी बावीस वर्षांचा होतो तवापासून नाई मोडला उपास. त्या चंद्राचं देणं आहे माझ्यावर." ते तोंड फिरवून बसले. मला इतका राग आला! काच फोडून आत जावं आणि त्यांना गदागदा हलवावं, असं वाटलं.

"आबाजी," मी म्हटलं, "गूळ खाली आला, तेव्हा चंद्र निघायची वाट पाहिली होती तुम्ही?"

त्यांनी हळूच तोंड माझ्याकडे वळवलं.

"नव्हती ना? वाट पाहिली असती तर दोर गुळासकट वर गेला असता. मग कोणी खणलं असतं? आबाजी, तुमच्या छातीत एक जण अडकलाय. तो ठोकतोय हो केव्हाचा! आम्हाला ऐकू येत नाही. आम्ही त्याच्यासाठी गूळ आणलाय आणि तुम्ही दोर धरून ठेवलाय!"

आबाजींनी छातीवर हात ठेवला. मग नाक ओढलं आणि काजव्याकडे न बघताच हात पुढे केला.

"आन बावा तुझं पानी."

काजवा ग्लास घेऊन सरकत आला, आणि या वेळी त्यांच्या डोक्यावरच टांगून राहिला. आबाजी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. "लय गोड आहे रे," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

पुन्हा वाट पाहिली. पुन्हा सुई, पुन्हा वाट. मॅडमनी मला सांगितलं की आधीच्या साखरेचा उजेड यंत्र वजा करून टाकतं. माझं अर्धंच लक्ष होतं. मी पडद्याकडे बघत होते.

आधी काळोखच होता. मग एका बाजूने कडं उमटू लागलं, गावात घरोघरी दिवे लागत जावेत तसं. डावी भिंत, मागची भिंत, खालची. आणि पुढे, जिथे घास तोडलेला होता तिथेही केशरी! कडं पूर्ण झालं. नखाएवढा काठ तेवढा काळा राहिला. तो खरंच गेला होता, असं मॅडम म्हणाल्या. बाकीचा तुकडा जिवंत होता.

"पुरावा मिळाला," काजवा म्हणाला. "अहवाल पाठवतो. आणि यापुढे मी प्रत्येकाला विचारणार आहे, आज कसला उपास तर नाही ना?"

लिफ्टने वर येताच मी आईकडे धावले आणि मोठमोठ्याने रडत सगळं सांगितलं. आईही रडली, आणि मग आबाजींवर जाम चिडली.

शस्त्रक्रिया झाली. पण लगेच काही जादू झाली नाही. पहिल्या तपासणीत रक्त पोचत होतं, तरी तुकडा ढिम्मच होता. मी हिरमुसले. "अगं, इतके दिवस झोपला, उठाले येळ लागंन ना," असं आबाजीच मला समजावत होते.

थंडी सरत आली तेव्हा आम्ही पुन्हा खाणीत उतरलो. या वेळी आबाजींनी लिफ्टचा गज धरला नाही. दिवस संकष्टीचाच होता, पण निघताना त्यांनी देवापुढे ठेवलेला गुळाचा खडा स्वतःहून तोंडात टाकला होता. आता दर संकष्टीला ते असंच करतात. मॅडमना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चालेल, पण ग्लासही प्यायचा हं."

आता चित्र हलतं होतं. कडं आकसलं, सैल झालं, आकसलं, सैल झालं. मी पुढच्या भिंतीवर नजर रोखून होते, पापणीही लववली नाही. तो तुकडा थोडा मागे रेंगाळला, आणि मग हलला. पुढच्या ठोक्याला पुन्हा. आणि त्याच्या पुढच्यालाही.

"माझ्या भावाला किंवा बहिणीला मी हेच पहिल्यांदा सांगणार," मी मॅडमना म्हटलं. "आणि मोठी झाले की मी इथेच येणार, तुमच्याकडे. झोपलेले तुकडे शोधायला."

"ये की. खूप आहेत."

काचेपलीकडे आबाजी यंत्रातून उठून बसले होते. ध्वनिक्षेपक बंद होता, त्यामुळे त्यांना काही कळलं नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, नुसते बघत होते. मी काचेपाशी गेले आणि बोटाने तीनदा ठोकलं.

आबाजींनी माझ्या बोटाकडे पाहिलं. मग ते उठले, धाप न लागता चालत काचेपर्यंत आले, आणि आतून तीन ठोके दिले.